नागपुरी संत्र्याच्या जीआय टॅगची मुळं फ्रान्समधल्या एका घरजावयाच्या मळ्यात सापडतात

हिवाळा लागला की नागपुरात बर्डीवर संत्र्याचे ठेले दिसायला लागतात. टेकडी गणपतीचं दर्शन घेऊन सीताबर्डीच्या मेन रोडकडे उतरलात की ठेलेवाल्यांच्या तोंडी एकच शब्द ऐकू येतो, नागपुरी.

गंमत म्हणजे हाच शब्द पुण्यातल्या ठेल्यावर असतो, हैदराबादच्या मंडईत असतो आणि दिल्लीच्या रस्त्यावरही असतो. तिकडं तर पंजाबचा किन्नूसुद्धा नागपुरी म्हणून खपवला जातो, अशी आपल्या संत्रा उत्पादकांची जुनी तक्रार आहे.

मेहनत काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीच्या शेतकऱ्यानं करायची, नाव त्याच्या मातीनं कमवायचं आणि पैसा भलत्यानंच न्यायचा. याच्यावर उपाय म्हणून २०१४ मध्ये नागपूर संत्र्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे आपण ज्याला जीआय टॅग म्हणतो तो मिळाला.

पण एखाद्या गावाच्या नावावर तिथल्या शेतकऱ्यांचा हक्क असतो, हा विचार कायद्यात आला कुठून?

याचं उत्तर शोधत गेलं की आपण फ्रान्समधल्या एका खेड्यात पोहोचतो. तिथं संत्री पिकत नाहीत, द्राक्षं पिकतात. त्या द्राक्षांची रेड वाईन होते आणि त्या वाईनच्या नावासाठी एक माणूस दहा वर्षं कोर्टात भांडला. हा माणूस शिक्षणानं वकील होता, युद्धात फायटर पायलट होता आणि गावाच्या नात्यानं बघायला गेलं तर चक्क घरजावई होता.

त्याचं नाव बॅरन पिएर ल रुआ.

गड्याची स्टोरी सांगण्याआधी ते गाव समजून घेऊ.

दक्षिण फ्रान्समध्ये रोन नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठावर आविन्यों नावाचं शहर आहे. चौदाव्या शतकात, १३०९ ते १३७७ या काळात, ख्रिश्चन धर्माचे सर्वोच्च गुरू म्हणजे पोप रोम सोडून या आविन्योंमध्ये राहायला आले होते. त्यातल्या बाविसाव्या जॉन नावाच्या पोपनं शहराच्या उत्तरेला एका टेकडीवर किल्ला बांधून घेतला. त्या टेकडीवरच्या गावाचं नाव शातोनफ द्यू पाप.

या गावाची जमीन बघितली तर आपला शेतकरी कपाळावर हात मारेल. बऱ्याच वावरांत माती दिसतच नाही, नुसते गोल गोल गोटे. दिवसभर ऊन पिऊन हे गोटे तापतात आणि रात्री ती ऊब वेलीला देतात. वर मिस्त्राल नावाचा कोरडा, बोचरा वारा सुटतो. त्यानं ओलावा उडून जातो आणि बुरशीचा त्रास कमी होतो. गहू-भाजीपाल्याला नालायक ठरणारी ही जमीन द्राक्षाला मात्र मानवते.

इथली रेड वाईन सहसा एका जातीच्या द्राक्षाची नसते, ती मिश्रणाची असते. ग्रनाश ही मुख्य जात. ती गोडवा आणि ताकद देते. सिरा रंग आणि मसाल्यासारखा वास देते. मूर्वेद्र वाईनला टिकाऊपणा देते. जोडीला सॅन्सो, कुन्वाझ अशा कितीतरी जाती. आपल्याकडं प्रत्येक घरचा गोडा मसाला जसा वेगळा, तसं इथं प्रत्येक घराण्याचं मिश्रण वेगळं.

आणि वेली म्हाताऱ्या. इथल्या काही मळ्यांत शंभरी ओलांडलेल्या वेली आहेत. म्हातारी वेल घड कमी धरते, पण तिची मुळं खोल गेलेली असतात आणि थोड्याच घडांत सगळा रस उतरतो. म्हणून जुन्या वेलींची वाईन जास्त दाट आणि खोल चवीची होते असं जाणकार मानतात.

आता इतकं चांगलं पिकत असेल तर शेतकरी सुखात असायला हवा. पण तसं नव्हतं.

झालं असं की १८६० च्या दशकात अमेरिकेतून आणलेल्या वेलींसोबत एक बारीक पिवळसर किडा फ्रान्समध्ये आला. नाव फायलोक्सेरा, माव्याच्या जातकुळीतला. तो जमिनीखाली मुळं खायचा आणि वर उभी वेल वाळून जायची. फ्रान्समध्ये तो पहिल्यांदा दिसला तो शातोनफच्या समोर, रोन नदीच्या पलीकडच्या काठावर. थोड्याच वर्षांत त्यानं फ्रान्सभरचे मळे साफ केले.

शेवटी उपाय निघाला तो कलमाचा. अमेरिकन वेलीची मुळं हा किडा सहन करतात. म्हणून खुंट अमेरिकन आणि वर डोळा फ्रेंच वेलीचा. विदर्भात जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, तोच प्रकार.

पण कलमं लावून मळे पुन्हा उभे राहीपर्यंत बाजार थांबला नव्हता. वाईन कमी आणि पिणारे तेवढेच. मग सुरू झाली भेसळ. वाळलेल्या मनुका भिजवून वाईन बनवली जायची. साखर आणि पाणी घालून माल वाढवला जायचा. अल्जीरियाची स्वस्त वाईन आणून फ्रान्सच्या नामांकित गावांच्या नावानं विकली जायची.

खऱ्या शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळेना. १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्सचे द्राक्ष उत्पादक लाखोंनी रस्त्यावर उतरले. सरकारनं सैन्य पाठवलं, नारबॉन शहरात गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर भेसळीविरुद्ध कायदा आला, पण गावाच्या नावाची चोरी काही थांबली नाही.

या सगळ्या धामधुमीच्या वेळी पिएर ल रुआ १७ वर्षांचा होता.

त्याचा जन्म ५ एप्रिल १८९० चा, पूर्व फ्रान्समधल्या ग्रे नावाच्या गावातला. घराणं बॅरनचं, म्हणजे सरदारकीचा किताब असलेलं. शिक्षणासाठी तो दक्षिणेत माँपेलिएला आला आणि कायदा शिकला. याच शहरातल्या प्लाँशाँ नावाच्या शास्त्रज्ञानं १८६८ मध्ये फायलोक्सेरा ओळखून काढला होता. थोडक्यात, द्राक्ष, द्राक्षाचे रोग आणि द्राक्षाचे तंटे हे तिथल्या हवेतच होते.

वकिली सुरू व्हायची तर पहिलं महायुद्ध पेटलं. हा गडी त्यात फायटर पायलट झाला. लाकूड आणि कापडाची विमानं, पॅराशूटचा पत्ता नाही, पायलटचं आयुष्य आठवड्यांत मोजायचे असा तो काळ. हा त्यातून जिवंत परत आला.

युद्धाच्या आधी शिकत असतानाच त्याची एडमे नावाच्या मुलीशी ओळख झाली होती. तिच्याशी त्याचं लग्न झालं. एडमेच्या माहेरी शातोनफ द्यू पापमध्ये मोठा द्राक्षमळा होता, शातो फोर्तिया. जावईबापू बायकोच्या गावी राहायला आले आणि सासरच्या मळ्यात लक्ष घालायला लागले.

आता घरजावई म्हटलं की गाव कशा नजरेनं बघतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यात हा बाहेरचा, सरदार घराण्यातला आणि वरून वकील. पण झालं उलटंच.

१९२३ मध्ये गावातले काही द्राक्ष उत्पादक त्याच्याकडं आले. त्यांची अडचण साधी होती. शातोनफ द्यू पाप हे नाव कुणीही वापरत होतं. आजूबाजूच्या गावांतली, सपाट सुपीक जमिनीतली, भरपूर उतारा देणारी पातळ वाईन याच नावानं विकली जात होती. गावची खरी वाईन मात्र पिंपांनी बाहेर जायची आणि उत्तरेत बरगंडीच्या पातळ वाईनला ताकद आणण्यासाठी तिच्यात ओतली जायची. म्हणजे नाव एकाकडं आणि माल दुसरीकडं. त्यांना कोर्टात लढणारा माणूस हवा होता.

ल रुआ तयार झाला, पण त्यानं एक अट घातली. आधी तुम्ही स्वतः शिस्त पाळायची. दुसऱ्याला चोर म्हणण्याआधी आपल्या घरात भेसळ नाही हे दाखवून द्यायचं.

ऐकायला ही अट किरकोळ वाटते. पण विचार करा, सगळा बाजार साखर-पाणी घालून पैसे कमावतोय आणि कुणीतरी तुम्हाला म्हणतंय की तुम्ही आधी स्वतःचं उत्पन्न कमी करून घ्या. गावकऱ्यांनी ते मान्य केलं. उत्पादकांचा संघ उभा राहिला आणि बॅरन त्याचा पुढारी झाला.

मग नियम लिहायला घेतले. आजही वाईनच्या जगात या नियमांचं नाव आदरानं घेतात.

पहिला नियम जमिनीचा. गावाची महसुली हद्द बॅरननं प्रमाण मानली नाही, कारण गावात सुपीक जमीनही होती आणि तिथं वाईन चांगली होत नव्हती. मग ओळखायचं कसं? ज्या कोरड्या जमिनीवर लव्हेंडर आणि थाईम ही दोन रानझुडपं उगवतात, तीच जमीन खरी. मातीची परीक्षा झुडपांनी घ्यायची. तणावरून रानाचा कस ओळखणाऱ्या आपल्या जुन्या शेतकऱ्याला ही युक्ती लगेच पटेल.

दुसरा नियम जातीचा. ठरलेल्या जातींचीच द्राक्षं चालतील. ही यादी पुढं १३ जातींची झाली. तिसरा नियम छाटणीचा, म्हणजे वेलीवर वाटेल तेवढं पीक धरायचं नाही.

चौथा नियम ताकदीचा. वाईनमध्ये किमान साडेबारा टक्के अल्कोहोल हवं आणि तेही द्राक्षाच्या स्वतःच्या साखरेतून आलेलं. द्राक्ष पूर्ण पिकल्याशिवाय एवढी साखर भरतच नाही. त्यामुळं कच्चा माल घाईनं तोडायची सोयच संपली.

पाचवा नियम सगळ्यात कडक. तोडणी झाल्यावर निवडणी करायचीच आणि किमान ५ टक्के द्राक्ष बाजूला काढायचं. वर्ष कितीही चांगलं असो, काहीतरी फेकायचंच. हातातोंडाशी आलेलं पीक स्वतःच्या हातानं बाजूला काढायला शेतकऱ्याला काय वाटत असेल याची कल्पना करा. पण त्यामुळं खराब घड मिसळायची सवयच मोडली.

उताऱ्याचं आजचं गणित बघा. आजही तिथली मर्यादा हेक्टरी ३५ हेक्टोलिटर आहे, म्हणजे आपल्या हिशेबानं एकरी साधारण १,४०० लिटर. त्याच्या वर काढलं तर ते नाव लावता येत नाही.

नियम झाले, पण ते गावापुरते. बाहेरचा माणूस ते कशाला मानेल? त्यासाठी कोर्ट गाठावं लागलं.

आणि आता नागपूरकरांसाठी खास गोष्ट. हा खटला ज्या शहराच्या कोर्टात उभा राहिला, त्या शहराचं नाव आहे ऑरेंज.

हो, अगदी तेच स्पेलिंग. शातोनफच्या शेजारीच हे जुनं रोमन काळातलं शहर आहे. त्याच्या नावाचा आणि फळाचा मुळात संबंध नाही. शहराचं नाव अरॉसिओ या प्राचीन नावावरून आलं आणि फळाचा शब्द आपल्या संस्कृतमधल्या नारंगवरून, फारसी-अरबीतून प्रवास करत युरोपात गेला. पुढं दोन्ही शब्दांचा उच्चार एक झाला आणि या शहराच्या नावाच्या राजघराण्यामुळं नेदरलँडचा रंग नारंगी झाला. म्हणजे ऑरेंज सिटी नागपूरच्या संत्र्याला मिळालेल्या हक्काचे जुने कागद शोधले तर त्यातले काही फ्रान्सच्या ऑरेंजमध्ये निघतील.

तर खटला चालला. हद्दीच्या बाहेर राहिलेले शेतकरी विरोधात होते, स्वस्तात नाव वापरणारे व्यापारी विरोधात होते. १९१९ च्या एका कायद्यानं गावाच्या नावाचे तंटे कोर्टात न्यायची सोय केली होती. पण त्यात मोठी फट होती. माल कुठला, एवढंच तो विचारायचा. कोणत्या जातीचा आणि कसा बनवला, हे विचारत नव्हता. बॅरनचं म्हणणं होतं की नुसता पत्ता पुरेसा नाही, जात आणि रीतही नावाचाच भाग आहे. खालच्या कोर्टातून वर, वरून आणखी वर असं करत १९३३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं शातोनफच्या बाजूनं कौल दिला.

१९२३ ते १९३३, दहा वर्षं.

दुसरा कुणी असता तर गावात मिरवणूक काढून घरी बसला असता. पण प्रत्येक गावानं असंच दहा-दहा वर्षं कोर्टात घालवायचं का, हा प्रश्न बॅरनला पडला. आणि त्याच वेळी पश्चिमेला बोर्दोच्या भागातून निवडून आलेला जोझेफ कापूस नावाचा एक खासदार याच विषयावर पॅरिसमध्ये झगडत होता. तो शेतीशास्त्राचा माणूस, कृषिमंत्री राहिलेला. एकाकडं कायदा करायची ताकद आणि दुसऱ्याकडं गावात चालवून दाखवलेली नियमावली. दोघांची जोडी जमली.

३० जुलै १९३५ ला फ्रान्समध्ये नवा कायदा झाला. त्यानं वाईनच्या गावनावांसाठी राष्ट्रीय समिती बनवली. तिच्यात सरकारी माणसं होती आणि उत्पादकही होते. मुद्दा हा होता की नियम उत्पादकांनी सुचवायचे आणि त्यांना कायद्याची ताकद सरकारनं द्यायची. या पद्धतीला थोडक्यात एओसी म्हणतात, म्हणजे उगमस्थानाचं नियंत्रित नाव.

१५ मे १९३६ ला पहिल्या काही नावांची यादी निघाली. शातोनफ द्यू पाप त्यात होतं. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, गावच्या उत्पादकांनी आपली खास बाटली आणली, काचेवर पोपचा मुकुट आणि किल्ल्या उठवलेली. आपण हातमागाच्या पैठणीवर मार्क शोधतो तसं तिकडं लोक बाटलीवरून हात फिरवून बघतात.

मग दुसरं महायुद्ध आलं. जर्मन सैन्यानं पोपचा तो किल्ला वापरला आणि १९४४ मध्ये जाताना सुरुंग लावून उडवला. आज टेकडीवर बुरुजाचा अर्धा भागच उभा आहे. पोपचा किल्ला गेला, पण गावाचं नाव शाबूत राहिलं, कारण ते तोवर कागदावर आणि लोकांच्या सवयीत पक्कं झालं होतं.

१९४७ मध्ये कापूस वारला. त्याच वर्षी समितीचं नाव बदलून इनाओ ही राष्ट्रीय संस्था झाली आणि तिच्या अध्यक्षपदी बसला बॅरन पिएर ल रुआ. पुढची २० वर्षं, अगदी मरेपर्यंत, तो त्या पदावर होता. फ्रान्सभरच्या वाईनच्या गावांच्या हद्दी, जाती आणि नियम याच संस्थेच्या टेबलावरून गेले. १९६७ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, तो गेला. शातो फोर्तियाचा मळा त्याच्या मागं कुटुंबानं चालवला.

बॅरन गेला, पण त्यानं रुळवलेली कल्पना फ्रान्समध्ये अडकून पडली नाही.

ती आधी चीजला लागू झाली, मग युरोपभर पसरली. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि तिच्या करारात भौगोलिक नावांचं संरक्षण लिहिलं गेलं. त्यातही वाईन आणि दारूच्या नावांना बाकीच्या मालापेक्षा जास्त कडक संरक्षण मिळालं. त्यामागं युरोपातल्या वाईन उत्पादक देशांचा जोर होता.

भारतालाही जाग यायला कारण घडलं. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीनं बासमतीवर पेटंट मिळवलं आणि इथं खळबळ उडाली. १९९९ मध्ये आपला जीआय कायदा झाला, सप्टेंबर २००३ पासून लागू झाला आणि पहिला टॅग गेला दार्जिलिंगच्या चहाला. त्याच वाटेनं नाशिक व्हॅली वाईनला मानांकन मिळालं, भिवापूरच्या मिरचीला मिळालं, वायगावच्या हळदीला मिळालं आणि नागपूर संत्र्यालाही.

आता मुद्द्याचं बोलू.

टॅग मिळाला म्हणजे काम झालं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपल्या कायद्यानुसार प्रत्येक उत्पादकानं अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करायची असते. टॅगची मुदत १० वर्षांची असते, मग तो नव्यानं करून घ्यावा लागतो. आणि कुणी नाव चोरलं तर कोर्टात जाणारा संघ लागतो. हे सगळं करणारी माणसं नसतील तर जीआय हा भिंतीवर लावायचा कागद होतो.

शातोनफला हे जमलं, कारण तिथं कायदा नंतर आला आणि शिस्त आधी आली. १९२३ ला हातात काहीही नसताना त्या शेतकऱ्यांनी १०० किलोतली ५ किलो द्राक्षं बाजूला काढायचं कबूल केलं. ग्राहकाला बाटली उघडल्यावर फरक कळला, म्हणून नावाला किंमत आली. कोर्टानं नंतर त्या किमतीवर शिक्का मारला.

संत्र्याच्या बाबतीतही पेटीच्या वरच्या थरात मोठं फळ आणि खालच्या थरात बारीक फळ भरलं गेलं, की नागपुरी नावाचं नुकसान होतं. हे नुकसान पंजाबचा किन्नू करत नाही, आपलेच लोक करतात. उलट एखादा शेतकरी गट निवडणी करून, एकसारखा माल भरून, पेटीवर आपल्या गावाचं नाव लिहून बाजारात उतरतो, तेव्हा तो नकळत बॅरनचंच काम पुढं नेत असतो.

शेजारच्या वर्ध्यात दारूबंदी आहे, त्यामुळं वाईनचं उदाहरण विदर्भात कुणाला रुचेल, कुणाला नाही रुचणार. पण बॅरनच्या अटीला बाटलीची गरज नाही. नाव आपलं म्हणायचं असेल तर पहिली निवडणी आपल्याच ढिगाची करायची, ही अट संत्र्याच्या बागेतही तशीच लागू होते.